‘स’ची धार

स्वस्त कंडेन्सर माइक ओळखायला तयार कान लागत नाही. समोरच्याला सांगावं, वाचा: ‘सासूबाईंनी सकाळी सकाळी सुकं खोबरं किसलं.’ आवाज भरदार येतो, अगदी जवळचा वाटतो. चार-पाच हजारांत एवढं मिळतंय म्हणून आपण खूश होतो न होतो, तोच एकेक ‘स’ कानात टोचायला लागतो. ‘श’ त्यामानाने सौम्य. त्याचा जोर खालच्या पट्टीत असतो, ‘स’चा साधारण सहा-सात किलोहर्ट्झच्या वर, आणि या माइकांचा चढ नेमका तिथून पुढे सुरू होतो. मराठीची तर आणखी एक गंमत. ‘चिवडा’तला ‘च’ सुटताना ‘श’कडे जातो, ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’ यांतला ‘स’कडे. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. स्वस्त माइक मात्र दोघांना बरोबर वेगळं काढतो. नुसतं ‘चिंचवड’ म्हणून बघा. पहिला ‘च’ निमूट जातो, दुसरा टोचतो.

लोकांना वाटतं, स्वस्त म्हणजे माल हलका, म्हणून आवाज कर्कश. हे पूर्ण खरं नाही. माइकचं काळीज म्हणजे कॅप्सूल. एक छिद्रांची पितळी चकती आणि तिच्यापुढे ताणलेला, सोन्याचा वर्ख दिलेला मायलरचा पडदा. पडद्याची जाडी सहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी. दोघांमध्ये हवेची बारीकशी फट. पडदा हलला की फट कमी-जास्त होते आणि तिच्यातला विद्युतदाब डोलतो. बेल कंपनीसाठी काम करणाऱ्या ई. सी. वेंटे यांनी ही युक्ती १९१६ साली काढली. तत्त्व आजही तेच आहे. आता हे पडदे चीनमध्ये इतके सफाईने ताणले जातात, की हजार-दीड हजारांची सुटी कॅप्सूलही ऐकायला वाईट नसते. दोष दुसरीकडेच आहे.

बर्लिनच्या नॉयमान कंपनीने १९६० साली यू ६७ हा माइक काढला. त्यातली के ६७ कॅप्सूल मुद्दामच तीव्र सुरांना झुकतं माप देणारी होती. पुढच्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये ते सूर तेवढेच दाबले जायचे, आणि त्यांच्याबरोबर सर्किटची स्वतःची हिसही दबायची. आधी चढवायचं, मग उतरवायचं, असा दोघांनी मिळून केलेला हिशेब. १९६७च्या यू ८७मध्ये व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला, पण हिशेब तोच राहिला. गेल्या शतकाच्या अखेरीस चिनी कारखाने जगासाठी माइक बनवू लागले तेव्हा त्यांनी मोठ्या प्रमाणावर नक्कल केली ती या कॅप्सूलची. (बीजिंगमधला ७९७ क्रमांकाचा कारखाना यातला एक जुना खेळाडू. पूर्व जर्मनीच्या मदतीने १९५०च्या दशकात उभ्या राहिलेल्या संकुलाचा तो भाग. शेजारच्या ७९८मध्ये आता कलादालनं भरतात.) सर्किट मात्र घेतलं शोप्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या धर्तीवरचं. ते साधं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं, म्हणून स्वस्त, आणि सरळमार्गी. जे येईल ते तसंच पुढे पाठवणारं. शोप्सच्या स्वतःच्या कॅप्सूल मुळात सपाट, त्यांना ते शोभतं. इथे काय झालं, की भाताबरोबर खायचं म्हणून लोणच्यात मीठ चढं घातलं आणि पानात वाढलं नुसतं लोणचं.

हे एकदा कळलं की माइक उघडायचा धीर येतो. खालची गोल चकती फिरवली की नळी सरकून हातात येते. आत दोन लांबट पट्ट्या, त्यांच्यावर तांदळाएवढे भाग आणि वर कॅप्सूलकडे जाणाऱ्या दोन नाजूक तारा. सुधारणेच्या वाटा मुख्यतः दोन. एक, सर्किटमध्ये छोटा कपॅसिटर योग्य जागी बसवून तीव्र सुरांना उतार द्यायचा, म्हणजे नॉयमानचा राहिलेला हिशेब पुरा करायचा. दुसरी, कॅप्सूलच बदलायची. के ४७ जातीची, तितक्याच व्यासाची कॅप्सूल आणून लावायची. तिचा चढ मुळात मंद, आणि मधले सूर जरा पुढे येतात. पुरुषी, खर्जातल्या आवाजाला ती फार मानवते. दोन्हींत ‘स’ बसतो. तो नाहीसा होत नाही, व्हायलाही नको. त्याची फक्त धार जाते. इतके दिवस त्याने झाकलेलं बरंच काही मग ऐकू येतं: ओठ सुटण्याआधीचा श्वास, ‘ळ’ म्हणताना जिभेने घेतलेली कोलांटी.

एवढ्यावर थांबावं, असं माझं मत आहे. पण थांबतो कोण? कपॅसिटर बदलण्याचा नाद लागला की तो पत्त्यांसारखा लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत मी एका दुकानी पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर मागितले, तर काउंटरमागचे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘ते आता कोण ठेवतंय, साहेब? पॉलिप्रॉपिलीन न्या. कशाला हवेत?’’ सांगितलं, माइकला. ‘‘खोलीत पंखा चालू असतो का?’’ ‘‘असतो.’’ ‘‘मग आधी तो बंद करा.’’ कपॅसिटर त्यांनी दिले, पण हसत. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. काही जातींचे सिरॅमिक कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत खरोखर वाईट. व्होल्टेजबरोबर त्यांची क्षमता हलते, टिचकी मारली तर ते स्वतःच वाजतात. ते काढून फिल्मचे लावले तर फरक पडतो. पण थोडा. पंखा, उघडी भिंत, खिडकीबाहेरची रिक्षा यांच्यापुढे तो किस झाड की पत्ती.

जाळीचं तसं नाही. स्वस्त माइकच्या डोक्यावर दोन-तीन पदरी दाट जाळी असते. आतला पदर काढला की आवाजातला डबकेपणा कमी होतो, कारण जाळीवरून उलटून पडद्यावर येणारे प्रतिध्वनी घटतात. पण मग ‘भाऊ’, ‘फणस’, ‘पाऊस’ यांतली फुंकर थेट पडद्यावर आदळते, आणि समोर कापडी फिल्टर ठेवल्यावाचून गत्यंतर नसतं.

खरी अडचण कानाची. तासभर सोल्डरिंग केल्यावर आवाज सुधारलेलाच ऐकू येतो. न येऊन सांगतो कुणाला? त्यात दोन रेकॉर्डिंगांपैकी जे जरासं मोठं, तेच कानाला चांगलं वाटतं. म्हणून एकाच जातीचे दोन माइक शेजारी ठेवावेत, एक बदललेला, एक कोरा. दोघांवर एकदमच बोलावं, पातळी अगदी सारखी करावी आणि कुठला कुठला हे दुसऱ्या कुणाला तरी लपवायला सांगावं. कॅप्सूलचा बदल यात लगेच ओळखू येतो. महागड्या कपॅसिटरचा बहुतेक वेळा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘स’चा उतार कॉम्प्युटरवर इक्वलायझर फिरवूनही बराचसा साधतो. मग डाग देण्याचा उपद्व्याप कशाला? मला हौस आहे, हे एक उत्तर. दुसरं, दर वेळी फिरवायची आठवण ठेवावी लागत नाही.

पावसाळ्यात मात्र या हौसेची किंमत मोजावी लागते. कॅप्सूलजवळचे रोध गिगाओममध्ये असतात, म्हणजे अब्जांत. इतक्या मोठ्या रोधाला बगल द्यायला बोटाचा तेलकट ठसा किंवा सोल्डरच्या फ्लक्सचा थर पुरतो. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. जुलैत तो थर दमट झाला, की माइक फुटफुट करायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसायची, पुन्हा बोट लावायचं नाही, आणि माइक सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचा. कोकणात तर हे कोऱ्या माइकलाही सांगावं लागेल.

दुरुस्त केलेला माइक मी बोलण्यासाठी वापरतो. तानपुऱ्यापुढे तो ठेवून पाहिला, तर तानपुरा सुरात असूनही मिटलेला वाटला. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानशीने घासून घासून जवारी काढतात. तार त्या उतारावर हलके टेकत राहते, तिच्यातून वरचे सूर सुटतात, आणि तानपुऱ्याची सगळी झळाळी तिथेच असते. कपॅसिटरने मी दाबलं होतं ते नेमकं तेच. म्हणून जोडीतला दुसरा माइक अजून उघडलेला नाही. तानपुऱ्यापासून हातभर लांब, घोडीच्या जरा बाजूला तो ठेवला की चढ जवारीच्या कामी येतो. गाणाऱ्याला अर्थात पहिल्याच माइकवर बसवायचं. बंदिशीत ‘सजन’, ‘सैंया’, ‘सखी’ यांचा सुकाळ असतो.