गिअर ऑइलचा मोठा नंबर

बरेच दिवस काही लिहिले नाही. डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणेरावळे, मग थंडी. आज मात्र लिहायलाच बसलो आहे, कारण विषय जरा मनाला लागलेला आहे. विषय आहे गिअर ऑइल! हसू नका. बी.ए. मराठीच्या माणसाने गिअर ऑइलवर लिहू नये असा काही नियम नाही.

गेल्या डिसेंबरात थोरल्या लेकीचा मुलगा पुण्याहून जामखेडला आला, तो स्वतःची गाडी घेऊन. अबार्थ पुंटो. २०१५ साली फियाटने ही आपल्याकडे विकायला काढली. १४५ अश्वशक्ती, हाताने टाकायचे पाच गिअर, आणि बनली कुठे, तर पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावात! म्हणजे तशी आपल्या अंगणातलीच. दिसायला चार माणसांची साधी गाडी, पण पोरे तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. पुढे विंचवाचे चित्र आहे. ही कंपनी काढणारे कार्ल अबार्थ वृश्चिक राशीचे होते, म्हणून विंचू. आमची मंडळी ओवाळायला बाहेर आल्या आणि विंचू बघून दोन पावले मागे सरल्या. मी म्हटले, अगं, विंचरणेच्या काठावर राहतेस आणि विंचवाला काय भितेस!

गाडी त्याने मे महिन्यात जुनी घेतली, साठवलेल्या पैशातून. लेकीला ते पसंत नव्हते. फियाटने २०१९ मध्ये इथली विक्री बंद केली, त्यामुळे सुटे भाग मिळायची मारामार. "बंद पडलेल्या कंपनीची गाडी कोण घेतं बाबा?" असे ती मला फोनवर म्हणाली होती. कंपनी बंद पडलेली नाही, कारखान्यात जीप बनते, पण आईला हे कोणी सांगायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून आम्ही दोघे निघालो. थंडी चांगली होती. पहिल्याचा दुसरा टाकताना आवाज आला... खर्रर्र. नातू माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजोबा, गार असली की होतं असं. तापली की थांबतं." पुढच्या चौकात पुन्हा तेच. मग हळूहळू बाहेर आले. पुण्यातल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आतल्या रिंगा बदलाव्या लागतील, चाळीसेक हजार धरून चाला, असे सांगितले होते. रिंगा मिळतील याची खात्री नाही. आईला सांगितलेले नाही. गाडी विकायचे मनात चालले होते.

मी विचारले, हे कधीपासून? म्हणाला, "जूनमध्ये तुम्ही सांगितलं म्हणून गिअर ऑइल बदललं ना, त्यानंतर पंधरा दिवसांनी."

हे ऐकून माझा चेहरा पडला. खरेच मीच सांगितले होते. जुन्या मालकाने गिअरबॉक्सचे तेल कधी बदललेच नसणार, बदलून घे, असे. कोणते घाल, हे मात्र सांगितले नव्हते. छत्तीस वर्षे मुलांना अर्धवट उत्तराबद्दल अर्धे गुण कापत आलो, आणि स्वतः नातवाला अर्धेच उत्तर दिले!

आता थोडे आमच्या आण्णांबद्दल सांगतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत चालक होते. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला आली, त्यानंतर काही वर्षांनी ते लागले. सुट्टीत मी त्यांच्या नगर-जामखेड गाडीत बॉनेटशेजारी बसायचो. चिचोंडी, कडा, आष्टी, जामखेड. त्या गाड्यांना दर गिअरला डबल क्लच लागे. क्लच दाबायचा, गिअर मधे आणायचा, क्लच सोडायचा, आवाज ऐकायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. फिरणाऱ्या दोन चक्रांचा वेग जुळल्याशिवाय दात दातात बसत नाहीत, आणि तो वेग आण्णा कानाने जुळवत. चुकले की खर्र. मग ते स्वतःशीच चक् करत.

आजच्या गाडीत आण्णांच्या कानाचे काम एक रिंग करते, पुष्कळदा पितळी. गिअर टाकताना ही सिंक्रो रिंग चक्राच्या उतरत्या कडेवर घासते, घासून दोघांचा वेग एक करते आणि मग दात बसतात. म्हणजे बघा, गिअरबॉक्समध्ये सगळ्या दातांना निसरडेपणा हवा, पण या रिंगेला थोडे घासायला मिळाले पाहिजे. तेल फार निसरडे झाले की रिंग नुसती घसरते. तेल फार दाट असले की गारठ्यात ते रिंगेखालून लवकर हटत नाही. दोन्हीचा परिणाम एकच.

मी नातवाला म्हटले, बिल आण. बिल मोबाईलमध्ये होते. त्यावर लिहिले होते ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. मग गाडीचे पुस्तक काढले. त्यात ७५डब्ल्यू-८५, जीएल-४. गॅरेजवाल्याने त्याला काय सांगितले असेल? "स्पोर्ट्स गाडी आहे साहेब, भारीतलं टाकू. चारपेक्षा पाच चांगलं." आणि पोराला ते पटले. मलाही पटले असते.

पण हे जीएलचे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे नाहीत. जीएल-५ हे मुख्यतः मागची चाके फिरवणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी. तिथे हायपॉइड जातीचे दात एकमेकांवर जोरात घसरतात, म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची औषधे जास्त, साधारण जीएल-४ च्या दुप्पट. हे गंधक तापले की तांब्या-पितळेला त्रास देऊ शकते. चांदीचा चमचा अंड्यात राहिला की काळा पडतो ना, त्याच घरातला प्रकार. हल्लीच्या काही जीएल-५ तेलांत पितळ सांभाळायची सोय असते, पण निसरडेपणा उरतोच. पुंटोत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे, पण त्याचे दात हायपॉइड नाहीत, त्यामुळे जीएल-५ ची तिथे गरजच नाही.

दुसरा आकडा दाटपणाचा. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत लवकर हलते. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांवर घेतात, ८०डब्ल्यूची उणे २६ वर. जामखेडला असली थंडी कशाला पडते, पण पहाटे दहा-बारा अंशांतही फरक जाणवतो. आणखी एक गंमत अशी की गिअर ऑइलची फूटपट्टी इंजिन ऑइलहून वेगळी. नव्वदचे गिअर ऑइल इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या तेलाइतकेच दाट असते. नंबर मोठा दिसतो एवढेच.

जामखेडच्या दुकानात चौकशी केली. ट्रॅक्टर-टेम्पोचे नव्वद नंबर हवे तेवढे, हे नाही. शेवटी नातवाने इंटरनेटवरून एकेक लिटरचे तीन डबे मागवले, तिसऱ्या दिवशी आले.

आमचे ओळखीचे मिस्त्री माझा विद्यार्थी. त्याने आधी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून तापवली. मग तेल भरायचा बोल्ट आधी उघडला आणि काढायचा नंतर. मी विचारले, असे का? म्हणाला, "सर, सगळं तेल काढून टाकलं आणि भरायचा बोल्ट गंजून बसला तर गाडी इथंच राहील." शाळेत भूगोलात कच्चा होता हा! तेल खाली आले ते गंधकाच्या वासाचे, आणि उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी कण चमकत होते. नातवाला आधी ते छान वाटले. मिस्त्री म्हणाला, "हे तुमच्या रिंगेचं पितळ आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही. नवे तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आले, वाहू लागले, मग बोल्ट बसवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम गार गाडी काढली आणि सौताड्याच्या रस्त्याला लागलो. पहिला, दुसरा... काही नाही. पुन्हा थांबलो, पुन्हा निघालो. काही नाही. नातू लहानपणी सायकल आल्यावर हसला होता तसा हसला. परत येताना मात्र बसस्टँडजवळ घाईत दुसरा टाकला आणि हलकेच खर्र झाले. पूर्वीच्या मानाने फारच कमी, पण झाले. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटले, बाळा, गेलेले पितळ तेलाने भरून येत नाही. रिंग कधीतरी बदलावी लागेलच, पण आज नाही.

मग रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून त्याला आण्णांचा डबल क्लच सांगितला. तिसऱ्या खेपेला जमला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी तिला सगळे सांगून टाकले, जूनमधला माझा सल्लाही. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "त्याला फोन द्या." तो आत जाऊन बराच वेळ बोलत होता. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. उरलेला डबा आमच्या फडताळात आहे, आणि तो तिथून कधी हलणार हे मला रोज विचारले जाते.