१६० फुटांचे घर, डब्यातली बाग

वरळीच्या बी. डी. डी. चाळीची जुनी इमारत म्हणजे मधे लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. मजल्याला वीस, चार मजले मिळून ऐंशी. संडास सामाईक. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर अशा २०७ इमारती बांधल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची.

एवढ्या जागेत घर सुधारायचे म्हणजे कसोटीच! भिंत काँक्रीटची, ठोकला की खिळाच वाकायचा. तरी कष्टकऱ्यांनी बोनस साठवून पोटमाळे चढवले, मोरीला लादी बसवली. वर मुलांचा अभ्यास, खाली स्वयंपाक. खिडकीत तेलाच्या डब्यांतून पुदिना, कोरफड, गवती चहा लावला. डब्याला भोक नसेल तर मुळे कुजतात. भोक पाडले तर खालच्या बिऱ्हाडावर पाणी ठिबकते आणि भांडण जुंपते! पण चहात आपल्या हातची पात पडली की दिवसाचा शीण जातो.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मालकीचे, संडास घरातच.

वाचकहो, उंच मजल्यावर राहायला जाल तेव्हा डबे खिडकीबाहेर टांगू नका. खाली माणसे चालतात. आत, ऊन पडेल तिथे ठेवा. पैपैने बांधलेला पोटमाळा नेता येत नाही. गवती चहाचा ठोंब मात्र नेता येतो. मुळांसकट काढा, पाती वीतभर ठेवून छाटा, नव्या मातीत लावा. पुन्हा फुटतो.