कृमी मरताना मेंदूत काय घडते

टीनिया सोलियम या फीतकृमीची अळी मेंदूत रुजते तेव्हा ती वाटाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशवीच्या रूपात राहते आणि त्या पिशवीत, तांदळाच्या कणीसारखा, कृमीच्या भावी डोक्याचा पांढरा ठिपका दिसतो. न्यूरोसिस्टिसर्कोसिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार भारतात आकडी येण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. तो डुकराचे मांस खाण्यानेच होतो, हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. डुकराचे अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात पूर्ण वाढलेला कृमी होतो. मेंदूतील अळी मात्र अशा कृमीच्या अंड्यांपासून होते, आणि ही अंडी कृमीबाधित माणसाच्या विष्ठेतून पाणी, हात किंवा न धुतलेली भाजी यांवाटे पोटात जात असल्याने कधीही मांस न खाणाऱ्या घरांतही हा आजार आढळतो. भाजीत, अगदी कोबीच्या गड्ड्यातही, असा कोणताही कृमी राहत नाही. दूषित पाण्यावर वाढलेल्या पानाला त्याची अंडी चिकटलेली असू शकतात, इतकेच.

जिवंत पिशवी बहुधा वर्षानुवर्षे गप्प असते. भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांमधील ४५० रुग्णांचा डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याची साक्ष देतो. त्यांतील अनेकांना पहिली आकडी मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी आली होती.

या शांततेचे एक कारण रसायनशास्त्रात सापडते. पेशींतील ऑक्सिजनच्या वापरातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे अतिक्रियाशील रेणू सतत निर्माण होतात, आणि त्यांची निर्मिती त्यांना निष्प्रभ करण्याच्या क्षमतेपेक्षा वाढली की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मेंदूला हा ताण विशेष बाधतो, कारण शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, त्याच्या पेशींची आवरणे सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या मेदाम्लांनी समृद्ध असतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज हे विकर त्याच्यात कमी असते. फीतकृमीकडे तर कॅटालेज नाहीच. मानवी शरीरात दोन स्वतंत्र विकरे करतात ते काम तो थायोरेडॉक्सिन-ग्लुटाथायोन रिडक्टेज या एकाच विकराकडून करून घेतो, आणि यजमानाच्या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले मारक रेणू पचवण्यासाठी त्याची मोठी भिस्त त्यावर असते.

ही ढाल ढासळली की चित्र पालटते. वयोमानाने किंवा औषधाने अळी मरू लागते, पिशवीचे आवरण गळते, आतील परकी प्रथिने बाहेर पडतात आणि मेंदूतील मायक्रोग्लिया पेशी व रक्तातून आलेल्या श्वेतपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. त्यांनी सोडलेला सुपरऑक्साइड लोहाच्या सान्निध्यात अधिक विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलकात बदलतो, शेजारच्या चेतापेशींच्या आवरणातील मेद त्याच्या माऱ्याने सडतो, सूज चढते आणि विद्युत्-स्पंदनांचे नियमन बिघडून आकडी येते. आकडीच्या वेळी पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, त्याने तंतुकणिकांतून आणखी मूलक बाहेर पडतात, आणि अशा रीतीने एक आकडी पुढच्या आकडीची जमीन तयार करते.

म्हणूनच जंताची गोळी घेतली की काम झाले, ही समजूत या आजारात धोक्याची ठरते. अल्बेंडाझोल अळीला मारते, पण त्या मरणाचा दाह आवरण्यासाठी गोळीच्या आधीपासून स्टिरॉइड द्यावे लागते. मेंदूत शेकडो पिशव्या असून सूज आधीच चढलेली असेल तर कृमिनाशक टाळलेच जाते. संधिवातासाठी वापरले गेलेले ऑरानोफिन हे सोन्याचे संयुग फीतकृमींचे ते विकर बंद पाडते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आशा वाटावी असेच ते आहे, मात्र ढाल मोडण्याच्या प्रत्येक उपायाबरोबर आजूबाजूच्या चेतापेशींना वाचवण्याची तजवीज व्हायला हवी. मेलेली अळीही कायमची निरुपद्रवी होतेच असे नाही. चुन्याचा कण होऊन उरलेल्या अवशेषाभोवती कित्येक वर्षांनी पुन्हा सूज येऊ शकते आणि स्कॅनवर त्या कणाभोवती तिचे वलय दिसते.