पहिल्या दिवसाचा फोटो

जून 2017 ची गोष्ट. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा उघडतात. शाळा उघडली की आम्हा तालुक्याच्या पत्रकारांची एक ठरलेली बातमी असते. प्रवेशोत्सव. गुलाबाचं फूल, गोड खाऊ, नवी कोरी पुस्तकं आणि पाहुण्यांसोबत फोटो. आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मीही असाच एक फोटो काढला. खाली ओळ लिहिली, 'नव्या पुस्तकांनी चिमुकल्यांचे चेहरे खुलले.' ही ओळ मी त्याआधी दहा वेळा लिहिली असेल.

चार दिवसांनी त्या गावच्या एक बाई बसस्टँडवर भेटल्या. हातात पेपरचं कात्रण.

"फोटो चांगला आला भाऊ. हे दुसऱ्या लायनीत माहं पोरगं हाये. तिसरीत हाये. त्याले दिसत नाही जी. त्याच्या हातात बी तेच पुस्तक देल्लं."

मला काय बोलावं सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, "त्यानं वास घेतला पुस्तकाचा. म्हणे, माय, नवं हाये वं!"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कात्रणाची चांगली प्रत मिळेल का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या.

आता एक तारीख सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 ला लागू झाला. म्हणजे मी तो फोटो काढला तेव्हा कायदा दोन महिन्यांचा होता. त्याच्या कलम 17 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या 18 वर्षांपर्यंत पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती साधनं मोफत द्यायची. कलम 31 मध्ये 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे. पत्रकारितेची पदविका घेतलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. मला नव्हतं. मी ओळ लिहिली आणि मोकळा झालो.

त्यानंतर या पोराच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं. त्याच्यामुळे मला जे कळलं ते इथे मांडतो, कारण आपल्याकडे अशा विषयावर एक तर दया येते नाहीतर टाळ्या पडतात. हिशोब कोणी करत नाही.

पैसा नाही असं म्हणायला जागा नाही. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरले जातात. मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ता वेगळा. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्य सरकारचा नियम आहे. राज्यात 2022 च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही आहे.

मग अडतं कुठे?

पहिली गोष्ट, 3,500 हा आकडा पोराच्या हातात पडत नाही. तो योजनेचा दर आहे. तपासणी शिबिरं, साधनं, पुस्तकं, सगळं त्यातच. आणि ब्रेल म्हणजे झेरॉक्स नव्हे. जाड कागद लागतो, ठिपके उठवणारं यंत्र लागतं, तपासणारा माणूस लागतो. साध्या छपाईच्या एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात. एका पुस्तकाचे तीन-चार जाडजूड खंड. अभ्यासक्रम बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात ब्रेल छापखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. देहरादूनचा केंद्रीय ब्रेल छापखाना 1951 पासून चालू आहे, मुंबईत नॅबचं काम आहे, पण वर्ध्याच्या पोराला तिथून पुस्तक यायचं तर मागणी वेळेवर जायला हवी. पोस्टाचा तर खर्चही नाही. अंधांसाठीचं साहित्य टपाल खातं सात किलोपर्यंत फुकट पोचवतं.

दुसरी गोष्ट, आपलं पोरगं दोन विभागांच्या मधल्या धुऱ्यावर उभं आहे. अंध शाळेत असतं तर दिव्यांग कल्याण विभागाचं. गावच्या साध्या शाळेत आहे म्हणून शिक्षण विभागाचं. नागपूरला अंध विद्यालय आहे, वरोऱ्याला आनंदवनातही आहे. "तिकडं का नाही टाकलं?" असं त्या माउलीला विचारणारे मी पाहिले. आठ वर्षांचं लेकरू घरापासून दूर ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा आहे. कायदाही तेच म्हणतो, गावच्या शाळेत शिकवा आणि सोयी तिथे पोचवा.

त्याला ब्रेल आलं ते एका कंत्राटी विशेष शिक्षकामुळे. तालुकाभर मोटारसायकलने फिरायचे, आठवड्यातून एकदा यायचे. पाटी, टोचणी घेऊन बसायचे. पोरगं सहा महिन्यांत वाचायला लागलं. पण वाचायला पुस्तक? चौथीत असताना ब्रेल पुस्तक आलं ते दिवाळीनंतर. सहामाही परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या एका वर्षी चारपैकी दोनच खंड आले. कागदावर बघाल तर 'पुस्तक वाटप झाले'. खोटं नाही. झालंच होतं. कधी झालं, हा रकानाच त्या कागदात नव्हता.

मग ही मधली दरी कोणी भरली? त्याच्या मोठ्या बहिणीने. ती रोज रात्री त्याचे धडे मोबाईलमध्ये वाचून रेकॉर्ड करायची. तिची स्वतःची दहावी होती त्या वर्षीही. शासनाचा जो खर्च वाचला तो कुठून वाचला, हे कोणाला बघायचं असेल तर त्या पोरीचे मार्क बघावेत. ती बोलत नाही त्यावर. मीच बोलतो आहे.

आठवीनंतर गणित. पोराचं डोकं गणितात चांगलं चालतं, तोंडी हिशोबात तर तो माझे कान कापतो. पण भूमितीच्या उठावाच्या आकृत्या नाहीत, टेलर फ्रेम नाही, बीजगणिताचं ब्रेल पुस्तक नाही. बोर्डाच्या सवलतींमध्ये गणिताला सोपा पर्याय असतो. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, "घे बाबा सवलत, कशाला त्रास." त्याने घेतली. सवलत असावीच, ज्याला हवी त्याला मिळावीच. पण पुस्तक देण्यापेक्षा सवलत देणं स्वस्त पडतं म्हणून ती पुढे केली जात असेल, तर तिला सवलत म्हणायचं का? यंदा तो अकरावीला आहे. कला शाखेत. आवडीने की नाइलाजाने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, म्हणजे दुसऱ्यांकडे बोट दाखवलं असं व्हायला नको. गेल्या वर्षी मी त्याला कौतुकाने आमच्या दिवाळी अंकाची पीडीएफ पाठवली. त्याच्या फोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारी सोय आहे. तो म्हणाला, "सर, हे काय पाठवलं? फोन कायच्या काय बडबडतो." ऐकलं तर खरंच, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कारण आम्ही अजून जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला ते मराठी वाटतच नाही. युनिकोडमध्ये टाईप केलं असतं तर एक रुपया जास्त लागला नसता. वीस वर्षं मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं त्याच्यासाठी कोरं आहे.

म्हणजे ब्रेल महाग आहे हे मान्य, पण वाचता येईल अशी फाईल तर फुकट आहे. कॉपीराइटचीही अडचण नाही. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात करायला मुभा दिली आहे. एवढंच काय, अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून जगभरच्या देशांनी 2013 मध्ये मराकेशला जो करार केला, त्याला 2014 मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता. जगात पहिले आणि आर्वी तालुक्यात दिवाळीनंतर.

आणि आपला जिल्हा कोणता? 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम निघाली. हाताने शिकायचं, असं देशाला सांगणारं गाव हे. बोटांनी वाचणाऱ्या पोरासाठी आपल्याकडे कागद नसावा?

हे लिहायच्या आधी मी त्याला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का, नाव टाकणार नाही. तो हसला. म्हणाला, "नाव राहू द्या सर. तारीख टाका. पुस्तक कोणत्या तारखेला आलं ते."

तेच मागणं आहे. किती खर्च झाला ते सांगू नका. वर्गातल्या बाकी पोरांना पुस्तक मिळालं त्याच दिवशी याला मिळालं का, ते सांगा. कायदा 18 वर्षांपर्यंतच मोफत पुस्तक देतो, म्हणून उशिरा आलेला प्रत्येक महिना त्या अठरातूनच वजा होतो.

तुम्हीही एक करू शकता. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला विचारा, तालुक्यात पहिली ते बारावीचे दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थी किती, आणि त्यांना ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातली पुस्तकं कोणत्या तारखेला मिळाली. ग्रामपंचायतीला विचारा, 5 टक्के निधीतले किती रुपये शिकणाऱ्या पोरांच्या साहित्यावर गेले. मार्चअखेरीस घाईघाईने वाटलेल्या वस्तू त्यात धरू नका म्हणावं. उत्तर आलं की मला पाठवा, मी छापतो.

माझ्याकडून इतकंच. पुढच्या जूनमध्ये प्रवेशोत्सवाला गेलो की कॅमेरा काढायच्या आधी विचारीन, या वर्गात कोणाचं पुस्तक यायचं राहिलं आहे का? राहिलं असेल तर तीच बातमी.

आणि हो, ही पोस्ट युनिकोडमध्ये आहे. तो ऐकतो आहे.