हुंकार

लहानपणी आजी गोष्ट सांगायची, तेव्हा तिची एकच अट असे : मधून मधून कुणीतरी 'हूं' म्हटलं पाहिजे. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. ऐकणारा जागा आहे की झोपला, हे तिला कळावं तरी कसं?

ही अट मला गेल्या वर्षी आठवली, ती संगणकावर एक बिल भरताना. पडद्यावरच्या 'रक्कम भरा' या बटणावर बाण नेला, माऊसची कळ दाबली. बटण ढिम्म! रंग बदलला नाही, की आत गेलं नाही. पुन्हा दाबलं. पैसे दोनदा गेले! ते परत मिळवता मिळवता नाकी नऊ आले.

"बाबा, चूक तुमची नाही, बटणाची आहे," मुलगी म्हणाली. असली बटणं आखणं हाच तिचा व्यवसाय. मग तिने मला धडाच दिला. बाण वर येताच बटणाने किंचित उजळावं. कळ दाबताच आत गेल्यासारखं दिसावं, तेही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. त्याहून उशीर झाला, तर ते आपल्या बोटाने झालं असं माणसाला वाटत नाही. आणि काम उरकेपर्यंत फिकं पडून दुसरा दाब घेऊ नये.

"म्हणजे हुंकारच की!" मी म्हटलं.

"आणखी एक. काम दाबल्यावर नव्हे, कळ सोडल्यावर व्हावं. दाबलेलं बोट न उचलता बाण बाहेर सरकवला, तर बटण पूर्ववत होतं आणि काहीच घडत नाही. १९८४ सालच्या मॅकिंटॉशवरसुद्धा ही सोय होती."

मी हसलो. एवढ्याशा क्षणात माणूस विचार बदलतो थोडाच!

पुढे श्रावणात गावच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बिनसलं. रात्री त्याला पत्र लिहायला बसलो आणि चाळीस वर्षांचं उट्टं एका पत्रात काढलं. 'पाठवा'वर कळ दाबली. बटण गडद झालं, आत गेलं. तसं दबलेलं ते पाहून बोट तिथंच थबकलं. पत्रातलं शेवटचं वाक्य आईविषयी होतं.

मी बाण हळूच बाजूला सरकवला आणि मगच बोट उचललं. बटण वर आलं. पत्र जागच्या जागी राहिलं. सकाळी मी ते पुसून टाकलं.

या दिवाळीला भाऊ सहकुटुंब यायचा आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. घराचा विषय निघेलच. तोंडातून सुटणाऱ्या शब्दाला असं बाजूला सरकवता येत नाही, म्हणून मी ठरवलंय : आधी त्याला बोलू द्यायचं, आणि आपण मधून मधून 'हूं' म्हणायचं.