सड्यावरचे सहा किलोमीटर

डिसेंबरातल्या एका रविवारी फजरची नमाज अदा करून आम्ही दोघं रत्नागिरीहून आत्याच्या गावी निघालो, तेव्हा उजाडायचं होतं. गावच्या मुलांनी सड्यावर सहा किलोमीटरची शर्यत ठेवली होती. फी शंभर रुपये, त्यातच पोहे आणि चहा. भाच्याने न विचारताच आमची नावं देऊन टाकलेली. पन्नाशी ओलांडलेले आम्हीच. बाकी सगळी शाळा-कॉलेजची पोरं आणि पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण.

आमच्या घरात धावणं हौसेने आलं नाही. ह्यांना साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. असरनंतर भाट्याच्या किनाऱ्यावर चालता चालता वर्षभरात पावलं भरभर पडू लागली. ओळखीचं कुणी समोरून आलं की आम्ही पुन्हा चालू लागायचो. ओढणी सावरत धावणारी बाई आणि मागे तिचे मियाँ, लोक हसतील असं वाटायचं. पण प्रवासात रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी शर्यत लावली, पहिल्या खेपेला त्या जिंकल्या आणि पुढे अंग भरल्यावर हरल्या, ही हदीस लहानपणापासून ऐकलेली. मग लाज कशाची?

किनाऱ्यावरची वाळू मात्र पायाला सांभाळून घेते, सडा घेत नाही. जांभ्याचं उघडं पठार ते. पावसाळा सरता सरता गेंदाच्या पांढऱ्या फुलांनी भरणारं, डिसेंबरात पिवळ्या गवताचं आणि कुसळांचं. मध्येच खळगा, मध्येच गडगा, पलीकडे चिरेखाण. मुलांनी फक्कीने बाण काढले होते. एका जागी रेषा मुद्दाम लांबून वळवली होती, कारण तिथे कातळावर जुन्या काळी कोरलेल्या आकृती आहेत. उक्षी, कशेळी, बारसूच्या अशाच कातळशिल्पांमुळे कोकणाचं नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. त्यांच्यावरून बूट जाऊ नयेत एवढी समज या पोरांना होती, याचं कौतुक वाटलं.

क्रॉस कंट्री म्हणतात ती हीच शर्यत. प्रत्येक ठिकाणची जमीन वेगळी, म्हणून तिचा जागतिक विक्रम नोंदवत नाहीत. ऑलिम्पिकमध्ये ती १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीनदाच झाली. पॅरिसच्या उन्हात ३८ पैकी १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात आधी हीच धावायचा, स्टीपलचेसकडे नंतर वळला. भरतीवाल्या पोरांच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

शिट्टी वाजली आणि दोन मिनिटांत पोरं दिसेनाशी झाली. पहिले तीन किलोमीटर आम्ही बरे धावलो. चिरेखाणीच्या चढावर ह्यांचा हात गार लागला, कपाळावर घाम आणि बोलणं अडखळतं. चूक आमचीच. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि नाश्ता मात्र धावून झाल्यावर करू म्हणून ठेवला. भूक मारून गोळी घेऊ नका, हे डॉक्टरांनी किती वेळा बजावलेलं! गडग्यावर बसलो. खिशात चार खजूर होते आणि भाच्याने कोंबलेली साखरेची पुडी. आधी साखर, मग खजूर. पंधरा मिनिटं नुसते बसून राहिलो. तोंडाने दुआ चालू, डोळे ह्यांच्या ओठांच्या रंगावर. गुरं घेऊन निघालेल्या एका आजोबांनी न विचारता बाटली पुढे केली आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

हात गरम झाले तसे हे म्हणाले, "चालत तर जाऊ." उरलेली वाट चालतच संपवली. शेवटच्या वळणावर बक्षिसं वाटून झाली होती, पताका उतरवत होते. घड्याळवाला मुलगा मात्र वही घेऊन बसून होता. एक तास बावीस मिनिटं, असं लिहून त्याने दोघांच्या सह्या घेतल्या.

आत्याच्या ओटीवर आम्ही मोज्यांतली कुसळं एकेक करून काढत बसलो. पोह्यांची ताटली ह्यांच्या हातात देत आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी हे खायचं, मग सड्यावर पाय ठेवायचा." भाचा तेवढ्यात वही घेऊन आला. पुढच्या वर्षीची नावं आताच लिहायची होती म्हणे.