बहात्तर तास

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण बालीगंजला झाले. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचे. पण आई जाऊन चार वर्षे झाली होती, वाईजवळचे घर बंद होते आणि माहेर म्हणावे असे तिला माझेच घर उरले होते. यजमानांच्या नोकरीपायी आम्ही कलकत्त्याला राहत होतो. गरियाहाटच्या चौकापासून पाच मिनिटांवर आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते. १९८८ सालचा ऑक्टोबर महिना. एकडालियाचा मांडव सजत होता. उमा मुलाबाळांना घेऊन चार दिवस माहेरी येते, ही दुर्गापूजेमागची बंगाली माणसाची भावना. दिवस भरत आलेल्या धाकटीकडे पाहून शेजारच्या वृद्ध माशीमा म्हणायच्या, ''तुमची उमा यंदा आधीच आली.''

षष्ठीच्या पहाटे जवळच्याच एका प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. मूल गोरेगोमटे, बाळंतीण सुखरूप. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून हातात चिठ्ठी ठेवली. धाकटीचे रक्त आर. एच. निगेटिव्ह, मुलीचे पॉझिटिव्ह. अँटी-डीचे एक इंजेक्शन जन्मापासून बहात्तर तासांच्या आत द्यायला हवे. ते बाहेरून आणावे लागेल. धाकटीचा रक्तगट त्यांना कित्येक महिने आधीच ठाऊक होता. हे आधी सांगता आले असते. त्यांनी सांगितले नाही, आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

''पण तिला झालेय काय?'' मी विचारले.

''तिला काहीच झालेले नाही. औषध तिच्या पुढच्या मुलासाठी आहे.''

मग त्यांनी समजावून सांगितले. बाळंतपणाच्या वेळी मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या परक्या पेशींची ओळख धरून ठेवते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले मूल तोवर जगात आलेले असते. त्याला सहसा धक्का लागत नाही. पण पुढचे मूल पॉझिटिव्ह निघाले तर तीच प्रतिपिंडे वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. मूल पोटातच जाते, किंवा जन्मते आणि पाहता पाहता हळदीसारखे पिवळे होते. आईच्या शरीराने ओळख धरण्याआधीच त्या पेशी नाहीशा करणे, एवढेच या इंजेक्शनचे काम.

''तुमच्या आईची मुले गेली होती का?'' त्यांनी सहज विचारले.

मी उत्तर दिले नाही. मी १९४९ची. माझ्यानंतर आईला दोन मुलगे झाले. पहिला चौथ्या दिवशी गेला. दुसरा सटवाईच्या रात्रीपर्यंत राहिला. आजीने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, ती सकाळी तशीच उचलली. दोघेही पिवळे झाले होते. गावाने दृष्ट म्हटले, आजीने नशीब म्हटले, आणि आईने जन्मभर आपल्या कुशीला दोष दिला. त्यानंतर धाकटी झाली आणि जगली. का जगली, ते त्या संध्याकाळी मला कळले: तिचे रक्त आईसारखेच निगेटिव्ह होते. आईचे रक्त कोणी तपासले नव्हते, पण हिशेब स्वच्छ जुळत होता. माझे रक्त पॉझिटिव्ह आहे. आईच्या शरीराला ती घातक ओळख पटली असेल, तर ती माझ्या जन्माने पटली असणार.

अपराधी वाटण्यासारखे त्यात काही नाही, हे मला समजत होते. लँडस्टायनर आणि वीनर यांनी हा रक्तगुण १९४० साली जगापुढे मांडला. त्यावरचे हे औषध १९६८ साली वापरात आले. माझे भाऊ त्यापूर्वीच जाऊन चुकले होते. त्यांच्या वेळी औषधच नव्हते. आता औषध होते. ते फक्त बालीगंजात नव्हते.

सप्तमीच्या सकाळी मी गरियाहाटपासून सुरुवात केली. रासबिहारी ॲव्हेन्यूवरची औषधांची दुकाने एकेक करून पालथी घातली. काही पूजेसाठी बंद, काही दुपारपर्यंत उघडी. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी वाचली जाई, मान हलवली जाई आणि परत येई. ''राखी ना, दीदी.'' आम्ही ठेवत नाही. एकाने तर ''पूजोर पोरे'' म्हटले. पूजेनंतर या! मी म्हटले, नवमीच्या पहाटे मुदत संपते. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि विचारले, ''रुग्ण फार गंभीर आहे का?'' या प्रश्नाला द्यायचे खरे उत्तर 'नाही' असे होते, आणि ते उत्तर दिले की समोरच्या माणसाची घाई ओसरून जाई. जी स्त्री गादीवर बसून चहा पिते आहे, तिच्या औषधाची निकड कोणाला कशी पटावी?

ओळखीच्या दुकानदाराने मात्र मला स्टुलावर बसवून आपली अडचण सांगितली. हे औषध दोन ते आठ अंश उष्णतेतच राहिले पाहिजे. उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते. एका दुपारीत सारा माल फुकट. आपल्या देशात शंभरांत पाचांच्या आसपास माणसे निगेटिव्ह. त्यांतल्या बाळंतिणी किती, आणि त्यांतल्या किती जणींचे मूल पॉझिटिव्ह? महाग कुपी वर्षभर शीतपेटीत ठेवायची आणि मुदत संपल्यावर टाकून द्यायची. ''आमी ठेबू कार जन्यो?'' असे काहीतरी मराठी-बंगाली मिसळून, मला समजावे म्हणून, तो म्हणाला. ठेवू कोणासाठी? त्याच्या हिशेबात मला चूक काढता येईना. प्रत्येक दुकानदाराचा हिशेब बरोबर होता, आणि म्हणूनच साऱ्या दक्षिण कलकत्त्यात ते औषध मिळत नव्हते.

यजमान उत्तरेला श्यामबाजारपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले. मेहुणे गीतांजली एक्सप्रेसने निघाले होते. धाकटीला आम्ही काहीच सांगितले नव्हते. ती मुलीचे नाव काय ठेवावे याचा विचार करीत होती.

अष्टमीला सकाळी, त्याच दुकानदाराने दिलेला पत्ता घेऊन मी कालीघाटहून मेट्रोने एस्प्लनेडला गेले. मेट्रो तेव्हा तिथेच संपत असे. तिथून पुढे कॅनिंग स्ट्रीट. बागरी मार्केट आणि त्याच्या आसपासचा घाऊक औषधांचा बाजार एरवी हातगाड्यांनी गजबजलेला. त्या दिवशी बहुतेक फळ्या ओढलेल्या. एका जिन्याखालच्या पेढीत एक वृद्ध मारवाडी गृहस्थ हिशेबाच्या वह्या पाहत बसले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग आत जाऊन शीतपेटी उघडून पाहिली. एक कुपी होती.

मी पैसे काढले. ते म्हणाले, ''बेटी, बर्फ लायी हो?''

मी बर्फ नेला नव्हता. ते कुपी देईनात. अशी उघडी नेलीत तर घरी पोहोचेपर्यंत तिच्यात आणि पाण्यात फरक राहणार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. दोन दिवस मी औषध मागत फिरत होते. ते सांभाळायचे कसे हे मला कोणी विचारले नव्हते. जवळच एका उघड्या दुकानात रुंद तोंडाचा थर्मास मिळाला, सरबताच्या गाडीवर बर्फ मिळाला. त्यांनी कुपी कापसात आणि मग कागदात गुंडाळली. बर्फाला चिकटू द्यायची नाही, गोठली तरी ती वायाच, हे बजावले. पैसे त्यांनी छापील किमतीइतकेच घेतले. पावती मात्र पूर्ण नावानिशी लिहिली. बाळंतिणीचे नाव विचारून घेतले.

परतताना गर्दीतून थर्मास छातीशी धरून चालले होते. लोक पुष्पांजली देऊन परतत होते. चार वाजता इंजेक्शन दिले गेले. बहात्तर तासांतले साठ सरले होते.

त्या कुपीत काय होते, ते मी पुढे वाचले. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत अशा माणसांच्या रक्तद्रवातूनच ते औषध निघते. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन हे अशांपैकी एक. त्यांनी १९५४ पासून २०१८ पर्यंत ११७३ वेळा रक्त व रक्तद्रव दिला. २०२५च्या फेब्रुवारीत ते वारले. कोणी अनोळखी माणूस आयुष्यभर दंड पुढे करतो, आणि त्याचे दान बाळंतिणीच्या खाटेपासून काही मैलांवर येऊन अडते, ते एका शीतपेटीपायी आणि न विचारलेल्या एका प्रश्नापायी.

बागरी मार्केटला २०१८च्या सप्टेंबरमध्ये मोठी आग लागली, दिवसच्या दिवस धुमसली. वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहताना मला तो जिना आठवला. आता कलकत्त्याचे कोलकाता झाले आहे, वीज पूर्वीसारखी जात नाही, गरियाहाटच्या दुकानांतून शीतपेट्या आहेत. अठ्ठाविसाव्या आठवड्यातही हे इंजेक्शन देतात. तरीही घरात कोणाला दिवस गेले की मी पहिला प्रश्न रक्तगटाचा विचारते आणि दुसरा, औषध कुठे मिळेल ते पाहून ठेवलेय का? गर्भपात झाला तरी ते लागते, हेही सांगते. कारण त्या दुःखात रक्तगट विचारायला कोणी थांबत नाही. मुली हसतात. हसू देत.

१९९१ साली धाकटीला मुलगा झाला. तोही बालीगंजलाच, आणि तोही पॉझिटिव्ह. या खेपेला कुपी आठवडाभर आधीच त्या ओळखीच्या दुकानदाराच्या शीतपेटीत, बाळंतिणीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली होती. चौथ्या दिवशी सकाळी मी मुलाला उचलून खिडकीशी नेले आणि उन्हात त्याचा चेहरा, मग तळवे, मग डोळ्यांची पांढरी बुबुळकड नीट न्याहाळली.

''ताई, काय बघतेस एवढे?'' धाकटीने विचारले.

''रंग,'' मी म्हटले. ''कोणावर गेलाय ते बघते.''